डिप्लोमाच ना?

ज्येष्ठ महिना लागला की ह्या सदराच्या टपालात ठरावीक वळणाची पत्रे येऊ लागतात. दहावीचा निकाल हाती आलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न येऊन बसलेला असतो. यंदा असेच एक पत्र हाटपिपल्याहून आले. लिहिणाऱ्या भगिनीचा परिचय नव्हता. परंतु अक्षर सरळ होते आणि मजकूर त्याहून सरळ. त्यांनी लिहिले होते : “काका, मुलीला दहावीला चांगले गुण मिळाले. तिचे आजोबा म्हणतात, अकरावी-बारावीला इंदूरला क्लास लावावा आणि इंजिनिअरिंगची पदवीच घ्यावी. तिचे बाबा म्हणतात, तो खर्च झेपणार नाही. आयटीआय करून देवासच्या कारखान्यात अॅप्रेंटिस लागली तरी पुरे. आणि मुलगी म्हणते, मला पॉलिटेक्निकला जायचे आहे. तिघेही माझ्याकडे पाहतात. मी कोणाकडे पाहू?”

ह्या प्रश्नाचे उत्तर पत्राने धाडणे मला प्रशस्त वाटले नाही. एक तर विषय आकड्यांचा जितका, तितकाच मनाचा. आणि दुसरे म्हणजे, ह्या विषयात माझ्या नावावर एक जुने देणे आहे. ते कोणते, हे ओघात सांगेनच. असो. एका रविवारी सकाळी देवासहून बागलीकडे जाणारी बस धरली आणि हाटपिपल्याला उतरलो.

वाचकांपैकी पुष्कळांना हे गाव ठाऊक असेल. १९७७ साली मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले कै. कैलाश जोशी ह्यांचे हे जन्मगाव. चहूकडे मालव्याची काळी जमीन. पवार, होळकर, शिंदे ह्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी ह्या मुलखात पसरली, त्यांतली काही अशा लहान गावांतूनही रुजली आणि इथलीच झाली. मी गेलो तेव्हा पाऊस यावयाचा होता. शेते नांगरून सोयाबीनच्या पेरणीची वाट पाहत होती.

मुलीच्या वडिलांचे दुकान बाजारात आहे. जळालेल्या मोटारी भरून देण्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे. दुकानाच्या मागल्या अंगाला ती कन्या बसली होती आणि साच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालीत होती. रब्बीत गव्हाला पाणी सुरू झाले की विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या मोटारी जळून इतक्या येतात, की घरातले प्रत्येक हात कामाला लागतात, असे तिच्या वडिलांनी सांगितले. मग तिने एक वही पुढे केली. कोणत्या गावची मोटार, किती अश्वशक्तीची, कोणत्या महिन्यात जळून आली आणि पुन्हा किती दिवसांनी आली, अशी दोन वर्षांची नोंद होती. एकाच गावच्या मोटारी पुनःपुन्हा जळत होत्या. “त्या गावाची डीपी लांब आहे,” ती म्हणाली, “शेवटच्या विहिरींपर्यंत व्होल्टेज पडते. पण काका, व्होल्टेज कमी झाले तर करंटही कमी व्हायला हवा ना? मग मोटार जास्त का तापते?”

तिचे वडील हसून म्हणाले, “तापते एवढे मला ठाऊक आहे. का तापते, ते मलाही कोणी सांगितले नाही.”

वाचकहो, मी ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास गेलो होतो, त्याचे उत्तर त्या मुलीने मला त्या क्षणीच देऊन टाकले. तिच्या शंकेचे समाधान असे : पंपाला पाणी तेवढेच उचलावयाचे असते, म्हणजे मोटारीवरचे ओझे तेवढेच राहते. व्होल्टेज उतरले की तेच काम करण्यासाठी मोटार अधिक करंट ओढू लागते, वेढे तापतात, आणि त्यांवरील आवरण जळून जाते. ही गोष्ट पॉलिटेक्निकच्या विद्युत शाखेत यंत्राजवळ उभे करून, मीटर लावून शिकवितात.

तंत्रविद्येत ज्ञानाचे तीन थर असतात. एक हाताचे ज्ञान. मोटार कशी भरावी, जोड कसा द्यावा, हे आयटीआयमध्ये आणि शिकाऊ उमेदवारीत उत्तम मिळते. दुसरे रचनेचे ज्ञान. नवी मोटार कशी आखावी, तिचे गणित कसे मांडावे, हा पदवीचा प्रांत. आणि ह्या दोहोंच्या मध्ये तिसरे ज्ञान आहे. आखलेले कागदावरून जमिनीवर कसे उतरवावे, चालते यंत्र बिघडले तर कोठे पाहावे, मोजून कसे सिद्ध करावे, दहा कारागिरांचे काम कसे लावून द्यावे. हा पदविकेचा, आपल्या बोलीत डिप्लोमाचा प्रांत होय. मधला म्हणून तो अर्धवट नव्हे. पुलाच्या दोन्ही तीरांना जोडणारा भाग मधलाच असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः डिप्लोमावाला. १९७१ साली एका पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शाखेत दाखल झालो आणि पुढे उपयंत्री म्हणून आयुष्य काढले. ज्यांचा ह्या खात्यांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मोरी बांधली, कालवा खोदला, की जागेवर जाऊन फीत लावून लांबी, रुंदी, खोली मोजावयाची आणि मोजमाप-पुस्तकात स्वतःच्या हाताने लिहावयाची, हे उपयंत्र्याचे काम. त्या नोंदीवर वरचे अधिकारी तपासणी करतात, पण ठेकेदाराचे देयक निघते ते त्या नोंदीच्या आधाराने. पहिली सही डिप्लोमावाल्याची. ती खोटी पडली, तर मोरी पहिल्या पुरात वाहून जाते.

तरीही त्या सहीची किंमत आपल्या समाजाने कधी केली नाही. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून निरोप आला, “मुलगा चांगला आहे हो, पण डिप्लोमाच ना?” तो ‘च’ माझ्या मनात काट्यासारखा राहिला. तो काढावा म्हणून मी पुढे नोकरी सांभाळून ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’च्या परीक्षांना बसलो. अ विभाग पार पडला; ब विभागाच्या वेळी घरी आजारपण निघाले आणि तो राहून गेला. कोणी विचारले तर मी अ विभागाची गोष्ट सांगत असे. डिप्लोमाची सांगत नसे.

आता ते देणे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीसाठी एक स्थळ आले. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, शांत, निर्व्यसनी, घर बांधलेले. माहितीचा कागद माझ्या हाती दिला गेला. मी चष्मा लावला, शिक्षणाची ओळ पाहिली, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “डिप्लोमाच ना?” खोलीतले कोणी काही बोलले नाही. माझी पत्नी मात्र माझ्याकडे पाहतच राहिली. ते स्थळ पुढे गेले नाही. जो काटा मला चाळीस वर्षे बोचत होता, तोच मी दुसऱ्याच्या पायात रोवला. हाटपिपल्याला मी स्वतः गेलो, त्याचे कारण हे.

दुपारी जेवणानंतर मुलीच्या आजोबांशी बोलणे झाले. ते निवृत्त शिक्षक; गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांचे म्हणणे सरळ होते. “अहो, आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली, कंदिलाच्या उजेडात. नातीने एक पायरी खाली उतरावे काय?”

मी म्हटले, “गुरुजी, आपण हिशेब मांडू.” त्यांनीच पाटी-पेन्सिलीऐवजी वही आणविली. दहावीला मुलगी सोळा वर्षांची. बारावीच्या वाटेने गेली तर दोन वर्षे आणि पदवीची चार, मिळून सहा. बाविसाव्या वर्षी पदवी. डिप्लोमाच्या वाटेने गेली तर तीन वर्षे. एकोणिसाव्या वर्षी पदविका हातात. मग पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; तेथे तीन वर्षे. मिळून सहाच, आणि वय बावीसच. फरक एवढाच, की पहिल्या वाटेवर मध्येच काही अडले, घरची परिस्थिती फिरली, तर हातात उरते ते बारावीचे गुणपत्रक. दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांच्या शेवटी एक पुरा, स्वतःच्या पायांवर उभा करणारा टप्पा लागतो. तेथे थांबताही येते, नोकरी धरताही येते, पुढे जाताही येते.

गुरुजींनी बेरीज दोनदा तपासली. शिक्षकाची सवय.

मुलीच्या वडिलांचा हिशेब निराळा होता, आणि तोही खोटा नव्हता. त्यांना लवकर मिळकत हवी होती. त्यांना मी सांगितले की शिकाऊ उमेदवारीचे दार डिप्लोमानंतरही उघडे असते. आपला शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा; प्रथम तो मुख्यतः कारागिरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. म्हणजे पदविका घेऊन मग कारखान्यात वर्षभर विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. उलट, जो मुलगा परिस्थितीमुळे आधी आयटीआयला गेला, त्यालाही दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. जिना एकच आहे. कोणत्या पायरीवर प्रथम पाऊल टाकावे एवढाच प्रश्न. मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्तीही आहे. ती पदविकेला तशीच पदवीलाही गुणानुक्रमे मिळते, उत्पन्नाची मर्यादा पाहून अर्ज अवश्य करावा.

गुरुजींच्या मनातली ‘खालची पायरी’ मात्र आकड्यांनी हलणारी नव्हती. तेव्हा मी त्यांना दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. इंदूरची श्री गोविंदराम सेक्सरिया संस्था आज आपल्या मुलखात पदवीचे मोठे ठाणे मानली जाते. १९५२ साली ती निघाली, ती पदविकेच्या दर्जाचे अभ्यासक्रम घेऊन. पदवीचे वर्ग १९५६ पासून आले. म्हणजे पदविका ही तेथे थोरली बहीण आहे. दुसरी गोष्ट मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेची, जिला १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. १८८७ साली ती स्थापन झाली, आणि पिढ्यान् पिढ्या तेथील पदविका घेतलेल्या माणसांनी गिरण्या आणि कारखाने चालविले. त्याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे तरुण गृहस्थ ड्रॉइंग शिकवीत होते. रंगांधळेपणामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली होती. यांत्रिक रेखाटन तेवढे हाती राहिले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या नावाचे पंप देवासच्या कारखान्यात तयार होतात, आणि गुरुजी, ते जळले की तुमच्या मुलाच्या दुकानात येतात.

गुरुजी प्रथमच हसले.

परदेशांतही ह्या मधल्या पायरीची नड सर्वांना भासली आहे. जपानने १९६२ साली ‘कोसेन’ नावाच्या तंत्रशाळा काढल्या. पंधरा वर्षांची मुले तेथे सलग पाच वर्षे शिकतात आणि मग काही उद्योगात जातात, तर काही विद्यापीठात. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात कामगार तरुणांसाठी संध्याकाळच्या वर्गांतून उच्च राष्ट्रीय प्रमाणपत्रे सुरू झाली. पुढे सर्वांचा ओढा विद्यापीठांकडे वळला आणि मधली पायरी ओस पडू लागली. म्हणून २०२२ पासून तेथील सरकारने उद्योगांच्या कसोटीला उतरलेल्या अशा अभ्यासक्रमांना ‘उच्च तंत्र अर्हता’ म्हणून पुन्हा मान देण्यास आरंभ केला आहे. पदवी आणि उमेदवारी ह्यांमधली जागा रिकामी राहिली की कारखान्यात आखणारे पुष्कळ होतात, करणारे असतात, पण दोघांची भाषा एकमेकांस समजावणारा कोणी राहत नाही, हे त्यांना कळून चुकले.

आता दुसरी बाजू. ह्या सदरात गोड तेवढेच सांगण्याची प्रथा नाही.

पहिली गोष्ट, पदविका ही पदवी नव्हे. बँकेच्या, लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना पदवीधर असण्याची अट आहे, त्यांना पदविकेवर बसता येत नाही. रेल्वेतील किंवा केंद्रीय बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंत्याच्या जागांना ती पुरते. पण खात्यात शिरल्यावर बढतीच्या रांगेत पदवीधर सहकारी पुढे निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरी गोष्ट, थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांना पदवीचे गणित जड जाते. बारावीची मुले जे दोन वर्षे घोटून येतात, ते ह्यांना उन्हाळ्याच्या सुटीत स्वतः भरून काढावे लागते. आयआयटीसारख्या संस्थांच्या पदवीचे दार तर बारावीनंतरच्या परीक्षेनेच उघडते. ज्या मुलाचे मन तेथेच गुंतले आहे त्याने ही वाट घेऊ नये. तिसरी गोष्ट, नोकरी करता करता परीक्षा देऊन पदवीच्या तोडीस पोहोचण्याची जी वाट माझ्या पिढीला होती, ती पूर्वीसारखी उरलेली नाही; त्या परीक्षांना केंद्र सरकारची समकक्ष मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरती राहिली. तेव्हा पदवी घ्यावयाची असेल तर ती थेट प्रवेशाने, उमेद ताजी असतानाच घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे : सगळी पॉलिटेक्निके सारखी नसतात. मध्यंतरी गल्लोगल्ली तंत्रमहाविद्यालये निघाली आणि त्यांतली कित्येक बंदही पडली. म्हणून पाटी पाहून प्रवेश घेऊ नये. स्वतः जावे आणि चार गोष्टी पाहाव्या. कार्यशाळेतली यंत्रे चालू आहेत की त्यांवर धूळ आहे? मुलांच्या हातांना तेल लागलेले दिसते काय? शेवटच्या वर्षाची मुले कोणत्या कारखान्यात उमेदवारीला गेली, त्याची नावे संस्था सांगते काय? आणि प्रथम वर्षाला शंभर मुले बसली तर तिसऱ्या वर्षाअखेर किती उत्तीर्ण होतात? ह्या चार प्रश्नांना जी संस्था टाळते, तिला आपणही टाळावे. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात. ते तंत्रशिक्षण संचालनालयाकडूनच समजून घ्यावे, दलालाकडून नव्हे. इंदूर-उज्जैनची जुनी पॉलिटेक्निके, इंदूरची साचे आणि अवजारे बनविण्याचे शिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम, धार जिल्ह्यातील पीथमपूरचे कारखाने, हे सारे हाटपिपल्याहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली. गुरुजी मला अंगणापर्यंत पोहोचवायला आले. तेथे त्यांनी इतका वेळ मनात धरलेली गोष्ट हळूच काढली. “सगळे पटले. पण उद्या लग्नाचा कागद करायचा, तर शिक्षणाच्या ओळीत काय लिहायचे?”

खरे संकट ते होते. हिशेब, इतिहास, जपान, ह्यांपैकी काहीही त्या एका ओळीपुढे टिकत नाही. मी त्यांना माझ्या भाचीच्या स्थळाची गोष्ट सांगितली. ह्याआधी ती मी घराबाहेर कोणापुढे काढली नव्हती. मग म्हणालो, “गुरुजी, ‘विद्युत अभियांत्रिकीची पदविका’ असे स्वच्छ अक्षरात लिहा. ‘च’ तुम्ही लिहू नका. वाचणाऱ्याने घातला, तर ते घर आपल्या मुलीसाठी नव्हे असे समजा.”

ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्या भगिनीचे दुसरे पत्र आले. निर्णय अजून झालेला नाही. मात्र गुरुजींनी वहीत माझे चार प्रश्न उतरवून घेतले आहेत, त्यांखाली स्वतःचे तीन वाढविले आहेत, आणि येत्या सोमवारी नातीला घेऊन ते उज्जैनचे पॉलिटेक्निक ‘तपासायला’ जाणार आहेत. चाळीस वर्षे शाळा-तपासणीला तोंड दिलेला मनुष्य आता स्वतः तपासनीस होऊन जात आहे. त्या संस्थेने यंत्रांवरची धूळ झटकून ठेवावी हे बरे. मुलीच्या वडिलांची अट एकच : कोठेही गेली तरी रब्बीच्या हंगामात सुटीच्या दिवशी दुकानात बसावे, आणि मोटार का जळते ते गिऱ्हाईकाला तिनेच समजावून सांगावे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी यंदा दहावीचा निकाल आहे, त्यांनी हा हिशेब आपल्या मुलांसह बसून मांडावा. आणि ज्यांच्या घरी यंदा लग्नाचे कागद येत आहेत, त्यांना एका जुन्या उपयंत्र्याची विनंती आहे. शिक्षणाची ओळ वाचाल तेव्हा मुलगा किंवा मुलगी काम कोणते करते, ते आधी विचारा. मी ते विचारले नव्हते.